नेपाळची मिशन ट्रिप: 'आम्हीच जास्त घेऊन आलो' म्हणजे नक्की काय?

छावणीकर_रूथ
सगळ्यांना सलाम. मे महिन्यात इंदूरच्या आमच्या मंडळीतले (म्हणजे चर्चमधले) काही जण नेपाळला जाऊन आलो. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे बसने सुनौली, सीमा पायी ओलांडून भैरहवा, मग बुटवल आणि तिथून वर पाल्प्याच्या डोंगरातलं एक गाव. तरुण संघाची मुलं-मुली, दोन मावश्या आणि पाळकसाहेब. कामं म्हणजे प्रार्थनागृहाच्या भिंती रंगवणं, मुलांची बायबल शाळा, एक दिवस रक्तदाब-साखर तपासणी, संध्याकाळी गाणी.

परतल्यावर रविवारच्या उपासनेत साक्षी झाल्या. जवळजवळ प्रत्येकाने उभं राहून हेच सांगितलं की "द्यायला गेलो होतो, पण आम्हीच जास्त घेऊन आलो." लोक "आमेन" म्हणाले. मला मात्र ते ऐकताना आमच्या ओळीतली एक पेन्शनवाली आजी दिसत होती. या ट्रिपसाठी वेगळं अर्पण गोळा केलं होतं, कापणीच्या सणातल्या लिलावाचे पैसेही त्यातच घातले होते. आजीने त्या लिलावात स्वतःच्याच परसातला भोपळा चढ्या बोलीने परत घेतला होता. जास्त घेऊन आम्ही आलो असू, तर आजीने पैसे कोणाच्या कामाला दिले?

पुढच्या वर्षीच्या कमिटीवर मला घेतलं आहे. पाळकसाहेबांना दुप्पट मोठा गट न्यायचा आहे. खजिनदार म्हणतात, कोणी जायचं नाही, पैसे पाठवा. मला दोन्ही पटत नाही. कोणी असं गेलं असेल, किंवा कोणाकडे असे पाहुणे आले असतील, तर अनुभव सांगा. 'प्रभू बघून घेईल' हे उत्तर घरी मिळालेलं आहे.

रामबागचा_भिया
आधी हे सांगा, सकाळी पोहे मिळाले का?

छावणीकर_रूथ
भिया, मिळाले. तिथे चिउरा म्हणतात आणि कोरडाच खातात, तरकारीबरोबर. एका सकाळी आमच्या मावश्यांनी तो भिजवून, मोहरी-हळद घालून इंदुरी पोहे केले, वर घरून नेलेली शेव आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा आपला इंदुरी मसाला). तिथल्या बायका हसून हसून बेजार. आवडीने खाल्ले, आणि दहा वाजता रोजचा दालभातही जेवल्या. त्यांच्या लेखी पोहे म्हणजे जेवण नव्हे. आता मुद्द्यावर या.

रामबागचा_भिया
मुद्दा हाच की जीरावन देशाबाहेर गेलं. मिशन सफल. 🙏

तर्ककर्कश
ग्वाल्हेरहून. धर्म बाजूला ठेवून साधा हिशोब करू. इंदूरहून रंगारी आणायला रेल्वेभाडं, बसभाडं, दोन वेळचं जेवण. बुटवलमध्ये रंगारी मिळत नाहीत का? तुमच्या मुलांपैकी किती जणांनी आधी घरची एक तरी भिंत रंगवली होती? हे काम नाही, हे लग्नाचं वऱ्हाड आहे. यजमान राबतात, पाहुणे फोटो काढतात, आणि जाताना म्हणतात, फार छान झालं हो.

बडोदेकर_सॅम
तर्ककर्कश, हे लिहिणं सोपं आहे. मी बडोद्यात तरुणांचं काम बघतो, आम्हीही मुलांना नेपाळला नेलेलं आहे. दोन गोष्टी.

एक, रंगारी. डोंगरातल्या गावांत तरुण पुरुष दिसतात का ते जाऊन बघा. सगळे कामाला कतार, दुबई, मलेशियात. शिडी धरायला माणूस नसतो. आम्ही गेलो तिथे उपासनेत पुढच्या रांगेपासून मागच्यापर्यंत बायका, म्हातारे आणि लहान मुलं. अशा ठिकाणी डझनभर धडधाकट पोरं आली तर ती ओझंच होतात असं नाही.

दोन, जो मुलगा आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्याच्या भाषेत प्रार्थना ऐकतो, तो तसाच राहत नाही. आमच्यातला एक परत येऊन नर्सिंगला गेला. हे हिशोबात कुठे लिहिणार?

तर्ककर्कश
'मुलगा नर्सिंगला गेला' या रकान्यात लिहा, त्याच्या बापाच्या खात्यावर. रूथताई हेच तर विचारतायत! फायदा मुलाचा असेल तर त्याचा खर्च आजीच्या भोपळ्यातून का?

आणि गावात पुरुष नाहीत, पण बायका आहेत ना? तीच मजुरी त्यांना द्या.

नेने_काकू
मी हिंदू, इंदूरच्या रामबागेतच आयुष्य गेलं. विचारू का नको असं झालं होतं, पण विचारते. हे सगळं धर्मांतरासाठीच असतं ना? रागाने विचारत नाही. आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब राहत होतं, त्यांच्याकडची नाताळची करंजी आणि आमच्याकडचा दिवाळीचा चिवडा अशी देवाणघेवाण कितीतरी वर्षं चालली. पण टीव्हीवर ऐकते ते वेगळंच.

छावणीकर_रूथ
काकू, विचारलंत ते बरं केलंत. नेपाळमध्ये २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत दुसऱ्याचं धर्मांतर करणं आणि तसा प्रयत्न करणं, दोन्ही गुन्हे आहेत, पाच वर्षांपर्यंत कैद. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. म्हणून तिथल्या पास्टरांनी आम्हाला निघण्याआधीच फोनवर बजावलं होतं की पत्रकं आणायची नाहीत, घरोघर जायचं नाही, तपासणीच्या टेबलावर प्रार्थना करायची नाही. आम्ही ते पाळलं. जे काही गायलो-बोललो ते प्रार्थनागृहात, आधीपासून ख्रिस्ती असलेल्या लोकांसमोर.

नेने_काकू
बरं झालं सांगितलंस. पण मग माझा दुसरा प्रश्न, जरा तिरका आहे. प्रचार करायचा नाही, तर नुसता रक्तदाब मोजायला इंदूरहून माणसं कशाला गेली?

तर्ककर्कश
काकू, तुम्ही माझं काम हलकं केलंत.

अरुणोदय_५४
मी निवृत्त शिक्षक, जन्म इंदूरच्या छावणी भागातला. थोडं जुनं सांगतो.

आपल्याकडेही लोक परदेशातून आलेच होते. कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन १८७७ साली इंदुरात आलं. होळकर दरबाराशी सुरुवातीला त्यांचे बरेच खटके उडाले. १८८७ मध्ये कॉलेज सुरू झालं, तेच आपलं ख्रिश्चन कॉलेज. (हो भिया, किशोरकुमारचं. तू लिहिण्याआधी मीच लिहितो.) डॉ. मार्गारेट ओ'हारा १८९१ मध्ये आल्या, धारला दवाखाना चालवला आणि तीन दशकांहून जास्त काळ इथेच राहिल्या. डॉ. बुकॅनन आलीराजपूरकडच्या आमखुटला भिल्लांमध्ये जाऊन बसले. या लोकांना आधी भाषा शिकायला बसवत, परीक्षा घेत, मगच काम हातात देत. त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. साहेबीपणा होता, पगारात भेद होता, आमच्या वडिलांच्या तोंडून तेही ऐकलं आहे. पण ते राहिले. त्यांची मुलं इथल्या तापाने गेली, इथेच पुरली.

आता आठवड्यात जाऊन येतात आणि त्यालाही मिशनच म्हणतात. मला तरुणांचा राग नाही, पण मनाला लागतं.

रामबागचा_भिया
काका, किशोरदांचं नाव माझ्या तोंडून काढून घेतलंत. निषेध.

बडोदेकर_सॅम
अरुणकाका, आदर ठेवून सांगतो. ते राहू शकले कारण राज्य इंग्रजांचं होतं आणि पगार टोरांटोहून येत होता. माझ्या पोरांना कर्जाचे हप्ते आहेत. आठवड्याची रजा मिळवतानाच नाकी नऊ येतात. तीस वर्षं कोण जाणार?

वीजमंडळी
वीज खात्यातून निवृत्त, वास्तव्य विजयनगर. देव मानत नाही, पण या धाग्यात बुटवल आलं म्हणून लिहितो, कारण बुटवल हा माझ्या आवडीचा विषय आहे.

१९५८ मध्ये ऑड हॉफटुन नावाचा एक नॉर्वेजियन विद्युत अभियंता तानसेनला आला. तानसेन म्हणजे पाल्प्याचंच मुख्य ठिकाण. आला होता मिशन हॉस्पिटलची इमारत बांधायला. ज्या संस्थेतर्फे आला ती युनायटेड मिशन टू नेपाळ, स्थापना १९५४, आणि कुठे? आपल्या नागपुरात. धर्मप्रचार करायचा नाही ही नेपाळ सरकारची अट होती, त्यामुळे कामच करावं लागलं.

हॉस्पिटल बांधताना त्याच्या लक्षात आलं की गवंडी, सुतार, फिटर, वायरमन हे इथे तयारच होत नाहीत. मग त्याने १९६३ मध्ये बुटवलला तांत्रिक शाळा काढली. पोरांनी दिवसा कारखान्यात काम करायचं आणि त्यातूनच शिकायचं. पण कारखान्याला वीज हवी. म्हणून १९६५ मध्ये बुटवल पॉवर कंपनी, आणि तिनाऊ नदीवर जलविद्युत केंद्र, डोंगरात बोगदा खणून. क्षमता अवघी १ मेगावॅट, आणि बांधायला दशकभराहून जास्त लागलं. आमच्या खात्यात असा प्रकल्प मांडला असता तर मुख्य अभियंत्याने फाईल फेकून दिली असती. पण तो बोगदा खणता खणता नेपाळी माणसं बोगदा खणायला शिकली. पुढे आंधीखोला आणि झिमरुक ही मोठी केंद्रं त्याच कंपनीने उभी केली.

सॅम, तिथे इंग्रजांचं राज्य नव्हतं. आणि आपल्याला तर सबबच नाही. १९५० च्या करारानुसार भारतीय माणूस नेपाळात व्हिसाशिवाय राहू शकतो, नोकरी करू शकतो, धंदा करू शकतो. नॉर्वेवाल्याला जो व्हिसा काढावा लागला तो आपल्याला लागत नाही. तरी आपण आठवड्यात परत!

रामबागचा_भिया
नेपाळची वेळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे. तेवढं तरी जास्त राहिले म्हणा.

महूवाला
जय भीम. आम्ही दरवर्षी याच सुनौलीच्या रस्त्याने लुंबिनीला जातो, महूहून अख्खी बस भरून. सीमेवर तुमच्यासारखे गट दिसतात, एकाच रंगाचे टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात गिटार. आमच्या बसमधल्या आज्या विचारतात, हे ऑर्केस्ट्रावाले कुठे निघाले?

मस्करी सोडा. आम्ही जातो ते स्वतःसाठी जातो. बाबासाहेब १९५६ मध्ये काठमांडूच्या बौद्ध परिषदेला गेले होते, लुंबिनीही त्याच देशात आहे, तो मार्ग आपण चालावा एवढीच इच्छा. पैसे ज्याचे त्याचे, परवडत नसेल त्याचे नातेवाईक देतात. परतल्यावर कोणाला हिशोब द्यावा लागत नाही, आणि तिथल्या लोकांचं भलं करून आलो असंही सांगावं लागत नाही. रूथताई, तुमच्या साक्षींत लोक जे सांगतायत ते मला तरी यात्रेसारखंच वाटतं. त्यात कमीपणा काय? फक्त वर्गणी काढू नका.

छावणीकर_रूथ
महूवाला, हे मी कमिटीत जसंच्या तसं मांडणार आहे. टी-शर्ट केशरी होते, आणि हो, गिटार होती.

खजिनदार_मंडळी
रूथ, मीच तो खजिनदार. या धाग्याची लिंक मला माझ्याच मुलीने पाठवली.

'पैसे पाठवा' म्हणालो खरा, पण त्यात मेख आहे. मंडळीचा पैसा हा ट्रस्टचा पैसा. धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर खर्च केला तर त्यावर करमाफी आपोआप मिळत नाही, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. ती काढायला आपल्या सीएचे केस पांढरे होतील. कोणी व्यक्तिगत पाठवायचे म्हटले तर बँकेतून नेपाळला पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची वेगळी सोय आहे, एका वेळी २ लाखांपर्यंत. पण त्याची पावती मंडळी देऊ शकत नाही. म्हणून माझा प्रस्ताव जसाच्या तसा चालणार नाही हे मीच सांगतो. गट मात्र छोटाच हवा, यावर मी ठाम.

नेने_काकू
माझा भाचा चंद्रपूरकडच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला जातो, बाबा आमटेंच्या. तेही आठवडाभरच असतं. पण तिथे आधीच सांगतात की ही छावणी तुमच्यासाठी आहे. पहाटे उठायचं, कुदळ मारायची. त्या कुदळीने सोमनाथचं फार भलं होतं असं कोणी म्हणत नाही.

केडगावची_लेक
धागा दोनदा वाचला, मग लिहायला बसले. मी नर्स. शिक्षणानंतर बरीच वर्षं तानसेनच्या हॉस्पिटलात होते, आता पुण्यात. म्हणजे मी त्या बाजूची, जिच्याकडे पाहुणे यायचे.

पाहुणे यायचे कळलं की काय होतं ते सांगते. घराघरांतून गाद्या आणि सिरक (तिथली दुलई) गोळा होतात, म्हणजे तेवढे दिवस त्या घरातली माणसं पातळ पांघरुणात. पास्टरची बायको आणि आणखी तीन-चार जणी चुलीपाशी अडकतात. मे-जूनमध्ये मक्याची खुरपणी असते आणि लगेच असारातली (आषाढातली) भातलावणी येते, ती कामं कोणीतरी दुसऱ्याने करायची. हे कोणी बोलून दाखवणार नाही. विचारलंत तर 'ठीकै छ' म्हणतील. काय आणू विचारलंत तर 'जे आणाल ते'. पाहुण्याला नको म्हणायची तिथे रीतच नाही.

बायबल शाळेचं ऐकून मला हसू आलं, रूथ, रागावू नकोस. मे महिन्यात सुट्टी आपल्याकडे. तिथलं वर्ष वैशाखात सुरू होतं, शाळाही तेव्हाच. तुमच्याकडे आलेली मुलं वर्ग बुडवून आली असणार. लांब सुट्टी दशैं-तिहारला (दसरा-दिवाळीला) असते.

सॅमने पुरुष नसल्याचं लिहिलं ते खरं आहे. पण भिंतीपेक्षा अवघड कामं असतात. एका प्रार्थनागृहात माईकला हात लावला की झटका बसायचा. येणारे गट भिंत रंगवून जात, कारण रंग फोटोत येतो. वायरिंग येत नाही.

आता दुसरी बाजू, कारण तर्ककर्कश खूश होऊन बसले असतील. आमच्याकडे एक विधवा बाई होती, मुलगा मलेशियात. एका गटातल्या मिरजेच्या मावशीशी तिची गट्टी जमली. भाषा दोघींची वेगळी, पण देवनागरी एकच, त्यामुळे एकमेकींच्या बायबलातली वचनं बोट ठेवून वाचायच्या. मावशी परत गेली आणि दर शनिवारी उपासनेनंतर फोन करत राहिली. (तिथे सुट्टी शनिवारी म्हणून उपासनाही शनिवारी.) मुलगा वारला तेव्हा ती बाई सगळ्यांत आधी कोणाशी बोलली असेल? मिरजेच्या मावशीशी. ही मावशी आठवड्याच्या गटातूनच आली होती. पैसे पाठवले असते तर ती आली नसती.

पण त्या गटात माणसं भरपूर होती आणि फोन एकीनेच केला. बाकीच्यांचा सेल्फी माझ्याकडे अजून आहे.

तर्ककर्कश
खूश होतो, आता नाही. मिरजेच्या मावशींना नमस्कार.

बडोदेकर_सॅम
शाळेच्या सुट्टीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्हीही मेमध्येच नेतो, कारण आमच्या मुलांच्या परीक्षा संपतात. ताई, अजून एक विचारतो. आमच्या पुढच्या बेतात काठमांडूतल्या एका बालगृहाला भेट आहे. तिथे जावं का?

केडगावची_लेक
माझं मत, नको. २०१५ च्या भूकंपानंतर डोंगरातल्या आईबापांना 'शिकवतो' सांगून मुलं उचलून नेण्याचे प्रकार इतके झाले की सरकारने परवानगीशिवाय मुलं जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली. युनिसेफनेही तेव्हा पाहुण्या स्वयंसेवकांबद्दल इशारा दिला होता. बालगृहांत आईबाप असलेली मुलं पुष्कळ असतात. पाहुणे आणि देणगी येत राहिली की गृह भरलेलं ठेवावं लागतं. तुमचं बालगृह तसं असेलच असं नाही, पण एका दुपारच्या भेटीत तुम्हाला ते कळणार कसं? आणि कुठल्याही मुलाला महिन्याकाठी नवे 'दादा-दीदी' गळ्यात पडून रडायला नकोत.

बडोदेकर_सॅम
ठीक. काढून टाकतो. पाळकांना काय सांगू ते बघतो.

रामबागचा_भिया
सांग की भिया, पुण्याच्या ताईंनी रागे भरलं.

अरुणोदय_५४
केडगावच्या ताईंचं वाचून माझ्या आधीच्या लिहिण्यात एक भर घालतो. ओ'हाराबाई राहिल्या हे आपण सांगतो, पण परत गेलेल्यांपैकीही काही जण मरेपर्यंत पत्रं लिहीत होते. माझ्या आईला कॅनडाहून नाताळला कार्ड यायचं, पाठवणाऱ्या मिससाहेब इंदुरात दोन-चार वर्षंच होत्या. तेव्हा काळ मोजून सगळं कळत नाही, हे मान्य.

वीजमंडळी
माईकला झटका म्हणजे अर्थिंग नाही किंवा न्यूट्रल उलटा. दोन दिवसांचं काम. आश्चर्य याचं की हे बुटवलपासून तीस-चाळीस किलोमीटरवर, जिथे वायरमन घडवायची शाळा आहे तिथे. आधी तिथलाच माणूस मिळतो का बघा, इंदूरहून नेऊ नका.

केडगावची_लेक
मिळतो, काका. शिकला की कतारला जातो.

छावणीकर_रूथ
बरेच दिवसांनी लिहितेय. मध्ये मी तिथल्या पास्टरांच्या पत्नीला फोन केला. पास्टरांना नाही, मुद्दाम त्यांनाच. 'परत येऊ का' विचारलं असतं तर 'या' म्हणाल्या असत्या, म्हणून विचारलं, "दोघंच येणार असतील आणि तीन महिने राहणार असतील, तर कोण हवं?" बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, एक शिवण शिकवणारी बाई, कारण मशिनं कोणीतरी देऊन गेलंय आणि ती खोक्यातच आहेत. आणि एक बत्तीवाला, म्हणजे वायरमन. असारात येऊ नका, मंसिरात (नोव्हेंबर-डिसेंबरात) या, भात घरात आलेलं असतं. पाहुण्यांच्या खोलीला कुलूप लावून किल्ली ठेवू, स्वयंपाक त्यांनी स्वतः करायचा. शेवटचं हे वाक्य बोलताना त्या हसल्या, पण बोलल्या.

कालच कमिटी झाली. पाळकसाहेब नाराज आहेत. तरुण संघ म्हणतो, मग आम्ही काय करायचं? त्यांना सांगितलं की दशैंच्या सुट्टीत जायचं तर लहान गटाने जा, खर्च स्वतःचा, आणि जाण्याआधी चार महिने नेपाळी वाचायला-बोलायला शिका. निम्म्यांनी तिथेच नावं मागे घेतली. उरलेले शिकायला बसलेत. इंदुरात नेपाळी कुटुंबं कमी नाहीत, आमच्याच कॉलनीच्या चौकीदाराची बायको बारावी शिकलेली आहे. फी घेऊन शिकवते. फी मुलं देतात.

शिवणाला मावश्यांपैकी एक तयार आहेत. मंडळीचं अर्पण त्या दोघांच्या प्रवासापुरतंच वापरायचं, यावर खजिनदारांची सही झाली. वायरमन अजून मिळालेला नाही.

खजिनदार_मंडळी
सही प्रवासखर्चावर झाली आहे, सीमेच्या अलीकडच्या. पलीकडचं बसभाडं ज्याने त्याने द्यायचं. हे इथेही लिहून ठेवतो.

नेने_काकू
मावशींना शिवणाची पुस्तकं हवी असतील तर माझ्याकडे डिप्लोमाची जुनी आहेत, मराठी. मापं आणि आकृत्या तिथेही कळतील. रामबागेतून कोणीतरी घेऊन जा.

वीजमंडळी
वायरमन मिळालेला नाही, म्हणजे जाहिरात नीट दिली नसणार. तीन महिने मला जमणार नाही, गुडघे आहेत. पंधरा दिवस मंसिरात येऊ शकतो, स्वखर्चाने, तिनाऊचं केंद्र बघायला मिळणार असेल तर. उपासनेला बसणार नाही.

छावणीकर_रूथ
काका, बसू नका. तुम्ही माईक दुरुस्त करा, बसायचं आम्ही बघतो. फोन नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवते.

रामबागचा_भिया
काका, जीरावन मी देतो. दोन पाकिटं, एक बत्तीवाल्याचं, एक पास्टरबाईंचं.